घरचा ससा

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी ओसरीवर बसलो होतो. आमच्या आळीतला एक गडी पोरीचा हात धरून आला. हा गडी दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो. पोरगी चौथीत शिकते.

"रामराम गुरुजी," तो म्हणाला. "ह्या पोरीनं सशासाठी घर डोक्यावर घेतलंय. बाजारात पांढरे ससे येतात, त्यातला एक पायजे म्हणती. आणू का नको? तुमच्या घरी ससा हाय, म्हणून इचारायला आलो."

मी म्हणालो, "बसा. आणा म्हणायला एक शब्द पुरतो. पण आधी आमची चूक ऐका. मग तुम्हीच ठरवा."

त्याला जे सांगितलं, तेच इथे तुमच्यासाठी लिहितो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाने नातवासाठी शहरातून ससा आणला. पांढरा शुभ्र, लाल डोळ्यांचा. मी लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला. पिंजरा मागच्या पडवीत पत्र्याखाली ठेवला. भाकरी, बिस्किट, गाजर, हाताला येईल ते आम्ही द्यायचो. ससा खायचा. आम्हाला वाटलं, बरं चाललं आहे.

मे महिना आला. एके दुपारी आम्ही सगळे लग्नाला गेलो. जाताना वाटीत पाणी भरून ठेवलं होतं. चार वाजता परत आलो. वाटी पालथी पडली होती. ससा आडवा झाला होता. कान तापले होते. तोंड उघडं होतं. नातवाने चमच्याने पाणी पाजून पाहिलं. पण थोड्याच वेळात ससा मेला.

नातू दोन दिवस धड जेवला नाही. तो मला म्हणाला, "आबा, त्यानं हाक का नाही मारली?"

मी जन्मभर शाळेत पोरांना उत्तरं शिकवली. या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी ते समजावलं. ते म्हणाले, "गाय हंबरते. शेळी ओरडते. कुत्रं केकाटतं. ससा गप्प राहतो. रानात कोल्हा, लांडगा, घार त्याच्या मागे असतात. दुखणं दाखवलं की शत्रूला कळतं. म्हणून तो दुखणं लपवतो. जिवावर बेतलं तरच तो किंचाळतो. एरवी चूप."

ससा मुका आहे. म्हणून त्याच्या धन्याचे डोळे उघडे पाहिजेत. या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. पुढे जे आहे, ते डोळे उघडे ठेवून काय पाहायचं त्याचं.

रानातला ससा वेगळा

आपल्या बालाघाटाच्या माळावर करड्या-तांबूस रंगाचा ससा दिसतो. तो आणि बाजारातला पांढरा ससा एकच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दोघांची जात वेगळी आहे.

रानातला ससा बीळ करत नाही. गवतात खळगा करून बसतो. त्याच्या पिल्लाच्या अंगावर जन्मतःच केस असतात आणि डोळे उघडे असतात. घरच्या सशाचे पूर्वज युरोपातल्या स्पेन देशाकडचे. ते जमिनीत बिळं करून राहतात. त्यांची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. साधारण दहा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात.

ऊस तोडताना किंवा बाजरी काढताना रानसशाचं पिल्लू सापडतं. ते एकटं असतं. आपल्याला वाटतं, बिचारं पोरकं झालं. पण ते पोरकं नसतं. शत्रूला वास लागू नये म्हणून आई दिवसभर त्याच्यापासून दूर राहते. सांज झाली की येऊन दूध पाजते. आपण ते घरी आणलं, तर आईपासून तोडलं. घरी ते बहुधा जगत नाही.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा धरणे, मारणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पिल्लू कोयत्याच्या वाटेत असेल, तर हलक्या हाताने उचलून जवळच्या बांधावर गवतात ठेवा. जखमी असेल, तर वन खात्याला १९२६ या नंबरवर फोन करा. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी नावाचं केंद्र आहे. तिथे जखमी रानजनावरांची देखभाल होते.

पाळायचा तो घरचा ससा. रानातला रानातच बरा.

ऊन हा पहिला वैरी

सशाला अंगभर घाम येत नाही. अंगावर दाट केस असतात. आतली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. म्हणूनच त्याचे कान मोठे असतात. पंधरा ते पंचवीस अंश उष्णतेत तो सुखात असतो. तीस अंशांच्या वर त्याला त्रास होतो. पस्तीसच्या वर जीव धोक्यात येतो. आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. म्हणजे आपला उन्हाळा सशाच्या जिवावरचा आहे.

अंगोरा नावाची लांब लोकरीची जात आहे. हिमाचल प्रदेशात कुलूसारख्या थंड मुलखात ती पाळतात. दिसायला देखणी, पण आपल्या उन्हात ती आणू नये. आखूड केसांचा ससा घ्यावा.

उन्हाळ्यात इतकं करा:

पत्र्याखाली ससा ठेवू नका. माळवदाची खोली असेल, तर ती सगळ्यात चांगली. ती नसेल, तर लिंबाच्या दाट सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. ऊन दिवसभर सरकतं. सकाळची सावली दुपारी राहत नाही. जागा ठरवताना दुपारी दोन वाजता जाऊन पाहा.

पिंजऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. मात्र वारा अडवू नका. बसायला ओली फरशी किंवा ओलं खापर द्या. घरात फ्रिज असेल, तर बाटलीत पाण्याचा बर्फ करा आणि बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. ससा तिला टेकून बसतो.

पाणी जड मातीच्या किंवा दगडी भांड्यात ठेवा, म्हणजे ते पालथं होत नाही. आमची वाटी हलकी होती. दोन किलोचा ससा दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पितो. उन्हाळ्यात जास्त लागतं. दोन भांडी ठेवा. एक सांडलं तरी दुसरं राहतं.

ससा तोंड उघडून धापा टाकतो, लाळ गाळतो, कान लाल आणि गरम होतात, अंग टाकून पडतो. ही ऊन लागल्याची खूण. लगेच थंड जागी न्या. कानांना साध्या पाण्याचा हात फिरवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्या धक्क्याने तो मरू शकतो. तोंडात जबरीने पाणी ओतू नका. ते छातीत जातं. तसाच डॉक्टरांकडे न्या.

राहायची जागा

सशाला आडवं पसरता आलं पाहिजे. मागच्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे. तीन उड्या मारता आल्या पाहिजेत. म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा तरी हवी. रोज सकाळी आणि सांजच्याला दोन-तीन तास अंगणात मोकळा सोडा. पण जवळ बसून राहा. मांजर, कुत्रं, मुंगूस आणि साप हे त्याचे शत्रू आहेत.

खाली नुसती जाळी नको. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून तळवे सोलतात आणि जखमा होतात. फळी टाका, तिच्यावर कोरडं गवत पसरा. एका कोपऱ्यात लाकडी खोकं पालथं ठेवून त्याला दार कापा. भ्यालेला ससा त्यात शिरतो. लपायला जागा नसली, तर तो सतत धास्तीत राहतो.

सशाला अंघोळ घालू नका. तो मांजरासारखं स्वतःच अंग चाटून साफ ठेवतो. भिजला तर गारठतो आणि घाबरतो. जागा मात्र रोज झाडा.

चारा म्हणजे गवत

चित्रात ससा गाजर खाताना दिसतो. म्हणून आपणही गाजर देतो. खरं म्हणजे गाजर हा त्याचा गोड खाऊ. एका बोटाएवढा तुकडा, तोही आठवड्यातून दोनदा. त्याचं जेवण म्हणजे गवत.

सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षाकाठी चार-पाच इंच वाढतात. गवत रगडून रगडून ते झिजतात. भाकरी, बिस्किट अशा मऊ खाण्याने ते झिजत नाहीत. मग वाढलेले दात गालात आणि जिभेत घुसतात. ससा उपाशी असतो, पण खाऊ शकत नाही.

दुसरं कारण पोटाचं. सशाचं आतडं गवताच्या रेषांनी चालतं. रेषा कमी पडल्या की आतडं थबकतं. सशाला ओकारी येत नाही. जे गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. थबकलं की पोट फुगतं.

म्हणून रोज सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग त्याच्यापुढे असावा. हरळी, पवना, मारवेल, कोणतंही चांगलं गवत चालतं. पोळ्याच्या सुमारास बांधाबांधाला गवत असतं. ते फुलोऱ्यात असताना कापा. बी पडू देऊ नका. कोरड्या जागी पातळ पसरून वाळवा. पेंढ्या बांधून आडोशाला ठेवा. उन्हाळ्याची तरतूद होते. बुरशी धरलेलं गवत मात्र फेकून द्या.

जोडीला रोज दोन मुठी हिरवा पाला द्या: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. पेरूची डहाळी कुरतडायला द्या. लसूण घास लहान पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या मादीला चांगला. मोठ्या सशाला तो थोडाच द्यावा. नवीन पाला एकदम भरपूर देऊ नका. चिमूटभराने सुरुवात करा.

हे देऊ नका

भाकरी, पोळी, बिस्किट, गूळ, फरसाण देऊ नका. बटाटा, कांदा, लसणीच्या पाकळ्या देऊ नका. रुई, धोतरा, कण्हेर, एरंड, घाणेरी, गाजर गवत जवळ येऊ देऊ नका. सुबाभूळ शेळीला चालते, सशाला नको. ज्वारीची कोवळी ताटं आणि खोडव्याचे फुटवे देऊ नका. ते खाऊन जनावराला किरळ लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आणखी एक गोष्ट. आपला जिल्हा कापसाचा आहे. कापसावर फवारणी होते. औषध वाऱ्याने बांधावरच्या गवतावर बसतं. बैलाला जे सोसतं, ते दोन किलोच्या सशाला सोसत नाही. फवारलेल्या रानाच्या बांधाचं गवत आणू नका.

उचलायचं कसं

कान धरून ससा उचलतात, ते चूक. कान म्हणजे पिशवीचे बंद नव्हेत. त्यात रक्ताच्या नाजूक शिरा असतात.

एक हात छातीखाली घाला. दुसरा हात मागच्या पायांखाली घाला. ससा आपल्या छातीशी धरा. मागचा भाग लोंबू देऊ नका. त्याच्या मागच्या पायांत भलती ताकद असते, पण हाडं हलकी असतात. लोंबकळत त्याने जोराने लाथ झाडली, तर त्याचा कणाच मोडतो. लहान पोरांनी उभ्याने ससा घेऊ नये. त्यांना खाली बसवा आणि ससा मांडीवर द्या.

रोज दोन गोष्टी पाहा

ससा बोलत नाही, पण त्याच्या लेंड्या बोलतात. रोज सकाळी दोन गोष्टी पाहा. गवत संपलं का? लेंड्या पडल्या का?

चांगली लेंडी गोल, कोरडी आणि हरभऱ्याएवढी असते. दिवसाला दोनशेच्या वरही पडतात. झाडांना उत्तम खत होतं. लेंड्या बारीक झाल्या किंवा कमी झाल्या, तर काहीतरी बिनसलं आहे. बारा तास ससा खात नाही आणि लेंडी टाकत नाही, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कधी कधी ससा मागे तोंड घालून मऊ लेंडी खाताना दिसतो. त्याला मारू नका. घाण खातो म्हणू नका. ही लेंडी वेगळी असते, द्राक्षाच्या घोसासारखी मऊ. गाय रवंथ करते, तसाच हा प्रकार. पहिल्या फेरीत न पचलेलं तो दुसऱ्या फेरीत पचवतो.

पावसाळ्यात शेपटीखाली रोज पाहा. तिथे घाण चिकटली, तर माशी अंडी घालते. एका दिवसात किडे पडतात. कानात खपल्या धरल्या, ससा डोकं झटकू लागला, तर ती खरूज समजा. काही कातडीचे रोग, जसं गजकर्ण, सशापासून माणसालाही होतात. सशाला हात लावला की साबणाने हात धुवा.

औषध आपल्या मनाने देऊ नका. माणसांच्या काही गोळ्या सशाच्या आतड्याला विषासारख्या आहेत. कुत्र्याच्या गोचिडाचं औषधही लावू नका. त्यातल्या काही औषधांनी ससा मरतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. १९६२ या नंबरवर फोन लावून विचारता येतं. तो फोन फुकट आहे.

नर आणि मादी

एकटा ससा उदास होतो, म्हणून लोक जोडी आणतात. पण नर आणि मादी एकत्र ठेवाल, तर हिशोब करा. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. एकतीस दिवसांत विते. एका वेताला सहा पिल्लं धरा. व्याली त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात पाचच वेतं झाली, तरी तीस पिल्लं. इतकी खोकी आणि इतकं गवत कुठून आणणार?

ऑस्ट्रेलिया देशात हा हिशोब कोणी केला नाही. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून चोवीस ससे मागवले आणि आपल्या रानात सोडले. पन्नास वर्षांत त्यांची कोट्यवधी पिलावळ देशभर पसरली. गवत, पिकं, झाडांच्या साली, सगळं त्यांनी खाल्लं. सशांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तिथल्या सरकारने तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपणं घातली. तरी ससे पुढे गेलेच.

म्हणून पाळायच्या असतील, तर एकत्र वाढलेल्या दोन माद्या पाळा. दोन नर मोठे झाले की भांडतात आणि रक्त काढतात. डॉक्टरांकडून नसबंदी करून घेता येते. आणि नको झालेला ससा रानात सोडू नका. आपल्या माळावर तो जगत नाही. पहिल्याच रात्री कुत्र्याच्या तोंडी जातो.

आधी विचार, मग ससा

नीट सांभाळला, तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. चौथीतली पोर तेव्हा लग्नाला येते. म्हणजे हे दोन दिवसांचं खेळणं नव्हे. दीड-दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. त्याला आईचं दूध लागतं. हवा थंड असताना आणा. भर उन्हाळ्यात मोटारसायकलवर पिशवीत घालून आणू नका.

इतकं ऐकून तो गडी म्हणाला, "गुरुजी, आम्ही तर दिवाळीनंतर कारखान्यावर जाणार. पोरगी शाळेसाठी म्हातारीपाशी राहते. मग कसं?"

मी म्हणालो, "मग हे आमच्या तुमच्यात ठरायचं नाही. म्हातारीला विचारा. तिचा होकार असेल, तरच आणा."

म्हातारीला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेरडं सांभाळली, हे बी सांभाळीन. पण गवत पोरीनं आणायचं."

पोरीने मला विचारलं, "गुरुजी, मग आधी काय आणू?"

"आधी गवत," मी म्हणालो. "मग खोकं. मग जड भांडं. शेवटी ससा."

पोरगी आणि आजी महिनाभर बांधावरून गवत आणत होत्या. पंधरा पेंढ्या झाल्या. बापाने फळ्या ठोकून खोकं केलं आणि ते माळवदाच्या खोलीत ठेवलं. दिवाळीच्या आठवड्यात ससा आला. त्यानंतर आई-बाप गाडीत बसून ऊसतोडीला गेले.

आता रोज रात्री बाप कोपीवरून फोन करतो. आधी पोरीची अभ्यासाची चौकशी करतो. मग विचारतो, "गवत संपलं का? लेंड्या पडल्या का?"

पोरगी सांगते, "व्हय."

एवढं ऐकलं की तो निवांत झोपतो.